हव्वाची जागा

मस्कतच्या हमरिया भागातल्या आमच्या गल्लीत रोज सकाळी एक माणूस आडवा चालतो. आडवा म्हणजे खेकडा चालतो तसा. एका हातात इथल्या दाट, कडक करक चहाचा कागदी पेला, दुसऱ्या हातात दुकानाच्या किल्ल्या, तोंड भिंतीकडे, आणि पावलं बाजूबाजूला टाकत तो गल्लीच्या तोंडापासून आपल्या शटरपर्यंत जातो. मागून गाडी आली तर ती थांबते. ड्रायव्हर नवा असला तर हॉर्न देतो, जुना असला तर मोबाईल बघत बसतो.

हे आमचे इस्माईलचाचा. लेडीज टेलर. ह्या आडव्या चालीचं कारण मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अगो बाये, जुन्या मानसांना पाठ दाखवायची नाय. आमच्यात रीत हाय."

जुनी माणसं भिंतीवर होती. रंगवलेली.

आणि चाचा नुसतं तोंड दाखवून भागवत नाहीत. ते त्या माणसांशी बोलतात. ढोलवाल्या मुबारकला विचारतात, "काय रे, रात्री वाजवलास का नुसताच झोपलास?" भाकऱ्या विकणाऱ्या बाईला सांगतात, "तुजी भाकर करपली बग." एका खलाशाचं नाक त्यांना पहिल्या दिवसापासून पसंत नाही. त्याच्यापुढे ते रोज थांबतात, मान हलवतात आणि म्हणतात, "तुजी काय चूक नाय बाबा. काढणाऱ्याची हाय."

काढणारी म्हणजे झुवेना. गल्लीतलीच ओमानी मुलगी, शाळेत चित्रकला शिकवते. तिची आजी बी शम्सा लहानपणी झांझिबारहून बोटीने मस्कतला आली. ('बी' म्हणजे आपल्याकडचं 'बाई'.) गल्लीतल्या बऱ्याच जुन्या घरांचं मूळ असंच आफ्रिकेत आहे. कुणाचे पूर्वज तिकडे व्यापाराला गेले होते, कुणाचे तिकडून विकले जाऊन इकडे आले होते. त्याबद्दल फारसं मोठ्याने कुणी बोलत नाही. पण झुवेनाने जुन्या गोदामाची लांबलचक भिंत मागून घेतली, मैत्रिणी जमवल्या आणि गल्लीतली गेलेली माणसं त्यावर काढायला घेतली. व्यापाऱ्याची नात आणि गुलामाचा नातू, दोघांना सारखीच उंची दिली. मला ते फार आवडलं.

ह्या माणसांबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही. जे आहे ते म्हाताऱ्यांच्या तोंडी. म्हणून बी शम्साने नियम घातला होता. भिंतीवर ज्याला काढायचं त्याची गोष्ट दोन जिवंत माणसांनी सांगितली पाहिजे. एकाने सांगितली तर ती आठवण, दोघांनी सांगितली तर माणूस. दर शुक्रवारी सकाळी बी शम्सा भिंतीपुढे प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची आणि साक्षी घ्यायची. तिचं हिंदी आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांपेक्षा बरं आहे, कारण आयुष्यभर शेजार आपल्या लोकांचाच.

चाचा त्या साक्षींना कोणी न बोलावता हजर असत आणि सगळ्यांच्या साक्षीत दुरुस्त्या करत. आपण जन्मलो नव्हतो तेव्हाच्या घटनांतही करत.

माझी आणि चाचांची पहिली भेट झाली तेव्हा ते मला ओमानीच वाटले होते. उंच, काळेभोर, कुरळे केस पिकलेले, डोक्यावर नक्षीची कुम्मा टोपी. मी पाठ करून आलेलं सगळं अरबी त्यांच्यापुढे ओतलं. सलाम झाला, कैफ हालक झालं, ब्लाउज पुढे केला आणि 'घट्ट'ला अरबीत काय म्हणतात ते आठवेना म्हणून स्वतःचे दंड दाबून दाखवले. चाचांनी सगळं शांतपणे बघून घेतलं. मग ब्लाउज उलटा केला, आतली शिवण नखाने तपासली आणि म्हणाले, "बाये, उसवून ढिला करायचा हाय का नवा शिवायचा हाय?"

चाचा मुरुडचे. कोकणातले सिद्दी. त्यांचे पूर्वजही आफ्रिकेतूनच आले, पण ते कोकणात उतरले आणि तिथलेच झाले. कधी आले, कुठून आले, असं मी एकदा शहाण्यासारखं विचारलं. चाचा म्हणाले, "आमी उतरलो तवा तुजे पणजोबा दप्तर घेऊन बंदरावर बसले व्हते काय? त्यांनाच इचार."

त्यामुळे आपले लोक त्यांना ओमानी समजतात आणि ओमानी लोक झांझिबारी समजतात. गल्लीतली तरुण मुलं वडीलधाऱ्यांना करतात तसा त्यांना स्वाहिलीत नमस्कार करतात, "शिकामो." चाचा गंभीरपणे "मराहबा" म्हणतात. त्यांचं स्वाहिली इथे सुरू होतं आणि इथेच संपतं. पण पुढे काही विचारायची कुणाची हिंमत होत नाही, इतक्या रुबाबात ते मराहबा म्हणतात.

एका पाडव्याला मी त्यांना इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. मी गाडी लावून येईपर्यंत दारावरच्या स्वयंसेवकाने त्यांना अडवलं आणि हळू हळू, स्पष्ट इंग्रजीत समजावून सांगितलं की हा कार्यक्रम फक्त मराठी लोकांसाठी आहे. चाचांनी त्याला नीट न्याहाळलं. "आसा? मग तुना कसा सोडला आत?" एवढं बोलून ते आत गेले, दोनदा वाढून घेऊन जेवले आणि निघताना त्याच पोराला म्हणाले, "श्रीखंड झ्याक व्हता. पुऱ्या वातड." तो बिचारा वर्षभर मला चुकवत होता.

आता हव्वाबद्दल सांगायला हवं, कारण चाचांच्या दुकानात पाऊल टाकलं की हव्वा चुकत नाही.

चाचा तोंडात टाचण्या धरून माप घेतात आणि माप घेता घेता हव्वाच्या गोष्टी सांगतात. खाडीवर होडीवाला एका म्हातारीला होडीत घेईना, तेव्हा हव्वाने होडीवाल्यालाच पाण्यात ढकललं आणि सगळी माणसं स्वतः वल्हवत पलीकडे नेली. लग्नात ढोलवाल्याला झोप लागली, तेव्हा हव्वाने ढोल काढून घेतला आणि नवरदेव थकून खाली बसेपर्यंत वाजवला. हव्वा खेकड्याची नांगी दातांनी फोडायची. हव्वाला शिव्या फार सुंदर यायच्या, त्या मात्र चाचा माझ्यापुढे उच्चारत नसत, नुसता त्यांचा ताल बोटांनी टेबलावर वाजवून दाखवत.

गोष्ट सांगून झाली की पुढच्या खेपेला परीक्षा.

"मग तो पान्यात पडला. पडल्यावर हव्वा काय बोलली?"

"पोहायला शीक म्हणाली."

"पुरा सांग."

"आधी पोहायला शीक, मग होडी चालव."

"हां." मग दंडाचं माप.

चुकलं तर ब्लाउज लांबायचा. माझा गणपतीसाठी टाकलेला ब्लाउज ढोलाच्या गोष्टीत अडकला तो मला दिवाळीत मिळाला. मी एकटी नव्हते. अबायाला किनार लावायला आलेल्या बायका, पडदे शिवायला आलेली केरळची नर्स, खुद्द बी शम्सा, सगळ्यांना हव्वा पाठ होती. बिल्डिंगच्या जिन्यात आम्ही एकमेकींची उजळणी घ्यायचो.

ही हव्वा कोण, ते मात्र चाचा सांगत नसत. विचारलं की तोंडात टाचण्या असत. चाचांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माझ्या नवऱ्याने निकाल देऊन टाकला, "जुनं प्रकरण आहे." मला तो लगेच पटला. तरुण इस्माईल, खाडी, वल्हवणारी हव्वा, घरच्यांचा विरोध, मग इस्माईल गल्फला, असा सगळा मजकूर मी मनात तयारही केला. बी शम्साचं मत माझ्यापेक्षा पुढचं होतं. ती म्हणाली, "शादी तो उसी से करनी थी. डर गया होगा. ऐसी औरत से कौन नहीं डरेगा?"

मग ह्या वर्षी चाचांच्या अर्बाबने, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान आणि व्हिसा होता त्या मालकाने, दुकान बंद करायचं ठरवलं. तिथे मोबाईलचं दुकान येणार होतं. ईद झाली की चाचा कायमचे मुरुडला परत. आणि भिंतही ईदपर्यंत पुरी व्हायची होती.

दुसऱ्याच दिवशी थंड पाण्याच्या नळाशेजारी, भिंतीच्या शेवटच्या मोकळ्या तुकड्यावर, शिंप्याच्या खडूने आखलेला एक उभा चौकोन दिसला. वर खिळा आणि खिळ्याला रुमाल.

झुवेनाने रुमाल कुणाचा तरी राहिला म्हणून काढला, धुतला, घडी करून नळावर ठेवला. दुसऱ्या दिवशी खिळ्याला दुसरा रुमाल. तोही तिने धुतला. तिसरा आला तेव्हा ती माझ्याकडे आली आणि विचारू लागली की तुमच्या धर्मात ह्याचा काही अर्थ आहे का. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की ती जागा आपली झाली, मग मागाहून चढणारा कितीही मोठा असो, हे त्या मुलीला समजावताना माझी पुरेवाट झाली. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे रिझर्व्हेशन." मी म्हटलं, त्याहून पक्कं.

चाचांना गाठलं. ते म्हणाले, "एक बाई काढायची हाय. हव्वा."

"पण चाचा, ती ह्या गल्लीतली नाही. ती मस्कतला कधी आली तरी होती का?"

"मी आलो तवा तिला हय घेऊनच आलो ना?" चाचा चिडले. "नायतर तुमाला सगळ्यांना ती म्हायत कशी?"

शुक्रवारी बी शम्सापुढे प्रकरण ठेवायचं ठरलं.

त्या शुक्रवारी चाचा इस्त्रीच्या शर्टात आले होते. आडवे न चालता सरळ आले, तेव्हाच मी ओळखलं की आज घाबरलेत. झुवेनाने तीच हरकत काढली, बाहेरची बाई कशी चालेल? बी शम्साने काठी भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. "इन सबकी माँ, नानी, सब समंदर के उधर पड़ी हैं. बाहर का कौन नहीं है? यल्ला, गवाह बोलो."

साक्षीदार आम्हीच. मी होडीवाल्याची गोष्ट सांगितली. 'आधी पोहायला शीक, मग होडी चालव' हे वाक्य तर अशा ठसक्यात टाकलं की चाचांनी हळूच बोट वर करून पैकीच्या पैकी दिले. मग बी शम्सा म्हणाली की हव्वा मलाही ठाऊक आहे, दुसरी साक्षीदार मीच. तिने गोष्ट सुरू केली. तिच्या गोष्टीत होडीवाला नव्हताच. लांब दाढीचा नोखदा होता, म्हणजे मोठ्या गलबताचा कप्तान, आणि हव्वाने त्याला भर बंदरात ढकललं होतं. तेवढ्यात झुवेना म्हणाली, "पण चाचांनी मला सांगितलं तो टॅक्सीवाला होता. तिने त्याला वादीच्या, म्हणजे पावसात वाहणाऱ्या ओढ्याच्या, पाण्यात ढकललं."

सगळे चाचांकडे बघायला लागले. चाचा शर्टाच्या बटणाकडे बघायला लागले.

"गिऱ्हाइकाला समजायला नको?" ते पुटपुटले. "ही आजकालची पोर. हिना होडीतला काय कळतंय?"

बायका हसायला लागल्या. मला वाटलं, संपलं. खलास. ह्या माणसाने माप बघून गोष्ट कापली आणि स्वतःच्याच हाताने केस बुडवली.

बी शम्सा हसली नाही. तिने काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाली, "आदमी बदल गया. धक्का देनेवाली वही रही. सच्चा क़िस्सा हर घर में थोड़ा अलग होता है, झुवेना. झूठा सब जगह एक जैसा." आणि काठी जमिनीवर आपटली. हव्वा पास.

चाचांचा चेहरा असा उजळला की आता हे नाचतात की काय, असं मला वाटलं. झुवेनाने पेन्सिल काढली आणि साधाच प्रश्न विचारला. "चेहरा कसा होता?"

चाचांनी शर्टाचं बटण फिरवायला घेतलं.

"नाक? लांब, बसकं?"

ज्या माणसाने भिंतीवरच्या एकूण एक नाकाबद्दल झुवेनाशी भांडण केलं होतं, तो माणूस नुसतं बटण फिरवत होता. मी म्हटलं, "सांगा ना चाचा. आता कशाला लाजता?"

"मना ठावं नाय," चाचा म्हणाले. "मी रांगत व्हतो तवा. ताप आला नि गेली. फोटू नाय, काय नाय."

"कोण गेली?"

"माजी आय."



मग चाचाच सांगत राहिले, मराठीत, आणि मी मोडक्यातोडक्या हिंदीत बी शम्साला सांगत राहिले. होडी त्यांनी पाहिलेली नव्हती, ढोल ऐकलेला नव्हता. खाडीवरच्या बायका आईवेगळ्या पोराला जवळ घेऊन बसत आणि सांगत, तुजी आय अशी व्हती, तुजी आय तशी व्हती. तेवढीच आई त्यांना मिळाली. त्या बायका एकेक करून गेल्या. मुरुडला आता हव्वा म्हटलं तर ओळखणारं कुणी नाही. "मी एकलाच उरलो म्हायतीवाला," चाचा म्हणाले. "नि मी तर तिना बगितलाच नाय. म्हनून म्हटला, चार बायांना पाठ करून ठेवतो. मी गेलो तरी कुनाच्या तरी डोक्यात ती राहील."

ज्या बाईचं मी खाडीकाठचं प्रेमप्रकरण रचून बसले होते, तिची मी गेली कित्येक वर्षं उजळणी करत होते, आणि ती परीक्षा माझी नव्हतीच.

बी शम्साने बोटाने चाचांना जवळ बोलावलं, खाली बसायला लावलं आणि त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बाजारात फळ पारखावं तसं तिने ते उलटसुलट पाहिलं. "झुवेना, ये नाक बना. ये माथा. दाढ़ी छोड़ दे."

मी म्हटलं, "बरोबर आहे चाचा. आपल्यात म्हणतात ना, मातृमुखी सदा सुखी."

"सुखीबिखी ऱ्हाऊ दे," चाचा नाक पुसत म्हणाले. "तिना आदी सांग, नाक लय मोटा काढू नको."

पुढचे काही दिवस चाचा नळाशेजारी स्टुलावर बसून होते. त्यांना नुसतं बसता येत नाही म्हणून मांडीवर कुणाचा तरी अबाया आणि हातात सुई. झुवेना मान वर करायला सांगायची, हे टाक्याकडे बघायचे. मधे कपड्यांवरून मोठंच भांडण झालं. झुवेनाच्या मैत्रिणींनी हव्वाला झांझिबारी कांगा गुंडाळला होता. चाचांनी तो पुसायला लावला. "आमच्यात लुगडा नेसतात." मग होडी वल्हवताना पदर कसा खोचतात ते दाखवायला मला भर गल्लीत ओढणी कमरेला खोचून, हातात झाडू धरून उभं राहावं लागलं. पाण्याचा टँकरवाला थांबून बघत होता. चाचा त्यालाही सांगत होते, "ही नाय रे, ही नुसती कापड दाखवायला हाय."

झुवेनाने चाचांचा चेहरा घेतला आणि त्यातून एकेक वर्ष काढून टाकलं. दाढी गेली, सुरकुत्या गेल्या, पिकलेले केस काळे झाले, गाल भरले. शेवटच्या दिवशी तिने चाचांना बघू दिलं नव्हतं. तोंड फिरवून बसवलं होतं. झाल्यावर ती बाजूला झाली आणि म्हणाली, "खलास, चाचा."

चाचा उठून वळले. आता हे काहीतरी खोड काढणार म्हणून आम्ही सगळ्या तयारीतच होतो.

भिंतीवर एक मुलगी वल्हं घेऊन उभी होती. विशीचीसुद्धा असेल नसेल. तेच कपाळ, तेच नाक, आणि आता हसेल असा ओठांचा कोपरा. चाचा तिच्यापुढे उभे राहिले. पांढरी दाढी, पाठीला बाक, गळ्यात मापाची पट्टी. नाकाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"बाये," ते मला म्हणाले, "ही तर पोर हाय गो."



"एवढीशी व्हती?" ते म्हणाले. "नि मी आपला तिच्यावर रागावून व्हतो, मना सोडून गेली म्हनून."

आणि आपण एखाद्या लेकीच्या डोक्यावर ठेवतो तसा त्यांनी हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. रंग अजून ओला होता. झुवेना ओरडायला गेली, आणि तिने हातातला ब्रश खाली ठेवला.